उपग्रह रेडिओ उद्योगातील विलीनीकरण व शासकीय नियंत्रण

उपग्रहावरून थेट श्रोत्याच्या संचापर्यंत, मासिक वर्गणी घेऊन, कार्यक्रम पोहोचवणाऱ्या कंपन्या एकत्र येऊ पाहतात तेव्हा त्यांना परवानगी द्यावी का आणि दिलीच तर कोणत्या अटींवर, हे ठरवणारी शासकीय प्रक्रिया. या धंद्यात मुळात कंपन्याच बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या. त्यामुळे या विषयाचा इतिहास म्हणजे बव्हंशी एकाच प्रकरणाचा इतिहास : अमेरिकेतील एक्सएम आणि सिरियस यांचे २००८ मधील विलीनीकरण.

अमेरिकेत अशा प्रस्तावाला दोन दारांतून जावे लागते. न्याय विभाग १९१४ च्या क्लेटन कायद्याखाली एवढेच पाहतो, की स्पर्धा लक्षणीय प्रमाणात घटेल का. विलीनीकरण रोखायचे तर त्याला न्यायालयात जावे लागते आणि पुरावा देण्याची जबाबदारीही त्याचीच. दुसरे दार संघीय दळणवळण आयोगाचे. प्रक्षेपणाचे परवाने एका कंपनीकडून दुसरीकडे जाणार म्हणून १९३४ च्या दळणवळण कायद्यानुसार आयोगाची संमती लागते. तेथे कसोटी सार्वजनिक हिताची असते आणि हे हित साधते हे कंपन्यांनी पटवून द्यायचे असते. या दोन कसोट्यांमधला फरक एक्सएम-सिरियस प्रकरणात निर्णायक ठरला.

आयोगाने १९९७ मध्ये २३२० ते २३४५ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील दोन परवान्यांचा लिलाव केला. पुढे सिरियस नाव घेतलेल्या सीडी रेडिओने सुमारे ८ कोटी ३३ लाख डॉलर मोजले, तर पुढे एक्सएम झालेल्या अमेरिकन मोबाइल रेडिओने जवळपास ९ कोटी. स्पर्धा टिकावी म्हणून एका परवानाधारकाने दुसऱ्याचा ताबा घेऊ नये, असे आयोगाने त्याच वेळी लिहून ठेवले. दोन्ही सेवा ऐकू येतील अशा सामाईक संचाची रचना करण्याचे बंधनही घातले. पहिली अट पुढे आयोगानेच रद्द केली. दुसऱ्या अटीचे काय झाले, ते अधिक पाहण्यासारखे आहे.

एक्सएमची सेवा २००१ च्या उत्तरार्धात आणि सिरियसची २००२ मध्ये सुरू झाली. सामाईक संचावर दोघांनी मिळून कामही केले, पण तो दुकानात कधी आला नाही. दरम्यान मोटार कंपन्या वाटून घेतल्या गेल्या. जनरल मोटर्स आणि होंडा एक्सएमकडे, फोर्ड, क्रायस्लर आणि बीएमडब्ल्यू सिरियसकडे. गाडी घेतली की रेडिओही ठरला. चढाओढ झाली ती श्रोत्यांपेक्षा कलावंत आणि खेळांच्या हक्कांसाठी. हॉवर्ड स्टर्न या निवेदकाशी सिरियसने २००४ मध्ये पाच वर्षांसाठी ५० कोटी डॉलरचा करार केला, तर एक्सएमने बेसबॉलच्या प्रक्षेपणासाठी ११ वर्षांचे ६५ कोटी कबूल केले. दोघींचे ताळेबंद तोट्यातच राहिले. दरांची गोष्ट मात्र वेगळी. सिरियसची वर्गणी महिना १२.९५ डॉलर होती. सुरुवातीला ९.९५ घेणाऱ्या एक्सएमने २००५ मध्ये आपली वर्गणी वाढवून नेमकी तेवढीच केली. दोन विक्रेते असूनही भाव खाली आला नाही, वर गेला.

१९ फेब्रुवारी २००७ रोजी विलीनीकरण जाहीर झाले, तेव्हा दोघांचे मिळून सुमारे १ कोटी ४० लाख वर्गणीदार होते. बाजारपेठ कशाला म्हणायचे, हा सगळ्या वादाचा गाभा होता. सिरियसचे प्रमुख मेल कार्माझिन यांच्या मते एफएम, आयपॉड, इंटरनेट, मोबाइल हे सगळेच त्यांचे प्रतिस्पर्धी होते. सर्वांत मोठा विरोध केला तो पारंपरिक प्रसारकांच्या राष्ट्रीय संघटनेने. तिचे म्हणणे असे, की दोनाची एक कंपनी म्हणजे सरळ मक्तेदारी. उपग्रह रेडिओ ही स्वतंत्र बाजारपेठ असेल, तर आपल्या सभासदांनी या विलीनीकरणाची एवढी धास्ती का घ्यावी, याचे पटेल असे उत्तर संघटनेला शेवटपर्यंत देता आले नाही.

विरोधकांच्या हाती ताजा दाखलाही होता. एकोस्टार आणि डायरेक्टीव्ही या उपग्रह दूरचित्रवाणी कंपन्यांचे एकत्रीकरण आयोगाने ऑक्टोबर २००२ मध्ये नाकारले होते आणि न्याय विभागानेही त्याविरुद्ध दावा लावला होता. केबल न पोहोचलेल्या खेड्यांतल्या घरांना एकच पर्याय उरला असता.

न्याय विभागाने मात्र २४ मार्च २००८ रोजी, तेरा महिन्यांच्या चौकशीनंतर, हरकत न घेता फाइल बंद केली. एका कंपनीचा संच घेतलेला ग्राहक दुसरीकडे जायचे तर नवा संच घ्यावा लागतो म्हणून सहसा जात नाही; मोटारींचे करार अनेक वर्षांसाठी बांधलेले आहेत; दुकानातून संच घेणाऱ्यापुढे इतर पर्याय आहेत. तेव्हा दोघांत फारशी स्पर्धा उरलेलीच नाही, असा निष्कर्ष निघाला. तर्कात खोट काढणे अवघड आहे. पण ग्राहक अडकला होता तो सामाईक संच बाजारात न आल्यामुळे, म्हणजे अट कागदावर राहिल्याचा फायदा अट न पाळणाऱ्यांनाच झाला.

आयोगाचे काम आणखी चार महिने चालले. त्याने बाजारपेठ संकुचितच धरली, विलीनीकरणाने मक्तेदारी येईल असे गृहीत धरले आणि कंपन्यांनी स्वतःहून मान्य केलेल्या अटींमुळे हानीपेक्षा लाभ जास्त होईल, असे ठरवले. वर्गणी तीन वर्षे वाढवायची नाही. निवडक वाहिन्यांचे स्वस्त गट, उदाहरणार्थ महिना ६.९९ डॉलरला ५० वाहिन्या, द्यायचे. ४ टक्के वाहिन्या शैक्षणिक व बिगरव्यापारी संस्थांना आणि तेवढ्याच स्वतंत्र कार्यक्रमकर्त्यांना द्यायच्या. सामाईक संच नऊ महिन्यांत बाजारात आणायचा.

मतदान अडले ते एका वेगळ्याच बाबीवर. गाडीतल्या जुन्या रेडिओवर उपग्रह वाहिनी ऐकवणारी छोटी यंत्रे एफएमवर मर्यादेपेक्षा जोरात प्रक्षेपण करत. सिग्नलला शेजारी थांबलेल्या गाडीत आपल्या नेहमीच्या केंद्राऐवजी स्टर्नचा आवाज ऐकू येई. जमिनीवरचे काही पुनःप्रक्षेपकही परवानगीबाहेर उभारलेले होते. या दोन्हींबद्दल एक्सएमने सुमारे १ कोटी ७४ लाख आणि सिरियसने २२ लाख डॉलर भरण्याचे मान्य केल्यावरच आयुक्त डेबोरा टेट यांचे मत मिळाले. २५ जुलै २००८ रोजी प्रस्ताव तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. मायकेल कॉप्स आणि जोनाथन अ‍ॅडलस्टाइन विरोधात होते. अ‍ॅडलस्टाइन यांना दरांवर सहा वर्षांचे बंधन हवे होते.

मंजुरीने पैशाची चणचण मिटली नाही. २००९ च्या आरंभी सिरियस एक्सएम दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती आणि लिबर्टी मीडिया या माध्यम कंपनीने ५३ कोटी डॉलरचे कर्ज देऊन, सुमारे ४० टक्के हिस्सा घेऊन तिला वाचवले. सामाईक संच आला, पण रुळला नाही. मूळ दर गोठलेला असला तरी संगीताच्या स्वामित्वशुल्काची वाढ ग्राहकावर टाकण्याची मुभा होती. ती जुलै २००९ पासून वापरली गेली. २०११ मध्ये दरबंदी संपू देण्यात आली. वर्गणीदारांनी लावलेल्या दाव्यात तडजोड होऊन त्या वर्षाअखेरपर्यंत दर तेच राहिले. ग्राहकांना रोख काही मिळाले नाही, त्यांच्या वकिलांना १ कोटी ३० लाख डॉलर मिळाले. जानेवारी २०१२ मध्ये मूळ वर्गणी १४.४९ डॉलर झाली. कॅनडातील दोन्ही संलग्न कंपन्यांच्या विलीनीकरणाला तेथील प्रसारण नियामकाने २०११ मध्ये मंजुरी दिली.

भारतात उपग्रह रेडिओ म्हणजे वर्ल्डस्पेस. हिंदुस्थानी संगीताची ‘गंधर्व’ वाहिनी महाराष्ट्रातील अनेक घरांत ऐकली जाई. एक्सएमच्या सुरुवातीच्या भांडवलदारांत हीच कंपनी होती. येथे तिला प्रतिस्पर्धी नव्हता, त्यामुळे विलीनीकरणाचा प्रश्न उद्‌भवला नाही. मूळ कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा बंद पडली. स्पर्धा कायद्यातील विलीनीकरणाच्या छाननीची कलमे लागू झाली ती त्यानंतर, १ जून २०११ पासून.