अ‍ॅम्प्लिफायर ‘तापतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

जुळे सोलापुरातल्या माझ्या मित्राने मे महिन्यात भारीतला अ‍ॅम्प्लिफायर घेतला. विकणाऱ्याने बजावलं, “हा कधी बंद करू नका. आणि केबल पिकायला, म्हणजे वापरून तिचा आवाज खुलायला, 200 तास लागतात.” पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे, दुसऱ्यात काहीही नाही.

घरगुती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा ट्रान्झिस्टरची, म्हणजे प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या सिलिकॉनच्या भागांची, जोडी असते. एक ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. लहर शून्यातून जाताना ही अदलाबदल होते. त्या क्षणी दोघांतूनही थोडा प्रवाह वाहता असावा लागतो, नाहीतर लहरीला तिथे मुरड पडते. हळू आवाजात लावलेल्या तानपुऱ्याची जवारी खरखरीत वाटते ती अशाने.

हा प्रवाह राखणं अवघड, कारण सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर उष्णतेला फार हळवा. तापमान 1 अंशाने वाढलं की तेवढ्याच प्रवाहासाठी विजेचा दाब (व्होल्टेज) सुमारे 2 मिलिव्होल्ट कमी पुरतो. दाब मात्र 60 मिलिव्होल्टने वाढला तर प्रवाह दसपट होतो. म्हणजे दाब तोच ठेवून ट्रान्झिस्टर 30 अंश तापला, तर हिशेबाने प्रवाह दहापट! जास्त प्रवाह म्हणजे जास्त उष्णता, त्यातून आणखी प्रवाह. असं करत तो जळूनही जाईल. म्हणून ट्रान्झिस्टरच्या एमिटर नावाच्या टोकाला प्रवाह अडवणारे छोटे रेझिस्टर जोडतात, आणि हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर, आणखी एक ट्रान्झिस्टर राखणदार म्हणून स्क्रूने आवळतात. हीटसिंक तापला की हा राखणदार दाब उतरवतो.

गोम इथेच आहे. उष्णता सिलिकॉनच्या कणात जन्मते आणि अभ्रकाच्या चकतीतून अ‍ॅल्युमिनियमकडे जाते. भाकरीचा तवा मध्ये कडक तापतो तेव्हा कड अजून कोमट असते, तसंच हे. राखणदाराला बातमी उशिरा कळते. मित्राकडे एमिटरच्या 0.22 ओहमच्या रेझिस्टरवर मल्टिमीटर लावला. सुरुवातीला 6 मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे 27 मिलिअँपिअर. आकडा चढत गेला आणि 20 मिनिटांनी 11 वर थांबला. ‘सेट व्हायला’ लागला तो एवढाच वेळ.

केबलमध्ये असं काही तापत नाही. 200 तासांत सवय होते ती कानाला. तांब्याला पिकवण्याचा हा समज नजर उतरवण्याच्याच पंगतीतला आहे, आणि त्यापायी लोक हजारो रुपये घालवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चोवीस तास चालू ठेवण्याचा सल्लाही सोलापुरात महागात पडतो. नुसता बसून 200 वॅट खाणारा क्लास-ए (ज्याच्या ट्रान्झिस्टरमधून सतत मोठा प्रवाह वाहतो असा) अ‍ॅम्प्लिफायर दिवसाला जवळपास 5 युनिट जाळतो. त्यात मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर. आतले वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर 10 अंशांमागे साधारण निम्मं आयुष्य गमावतात. मित्राने अ‍ॅम्प्लिफायर काचेच्या कपाटातून बाहेर काढलाय आणि ऐकायच्या अर्धा तास आधी तो चालू करतो.