४१० साल: रोम लुटले गेले त्याच वर्षी तैग्रीसकाठी

इ. स. ४१० म्हटले की २४ ऑगस्ट आठवतो. अलारिक या टोळीप्रमुखाचे गॉथ सैनिक त्या दिवशी रोममध्ये शिरले आणि तीन दिवस लूट चालली. सुमारे आठशे वर्षांत परक्या सैन्याने हे शहर घेतले नव्हते. पण त्याच वर्षी, फेब्रुवारीत, आजच्या बगदादजवळ सेलुकिया-क्टेसिफोन इथे चाळीसेक बिशप जमले होते, आणि ही घटना मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांना जमू देणारा पर्शियाचा सासानी घराण्यातला सम्राट पहिला यझदगर्द स्वतः जरथुष्ट्री होता.

या सभेचे मोल कळायला सत्तर वर्षे मागे जावे लागते. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने ख्रिस्ती धर्माची बाजू घेतली, तेव्हा पर्शियातल्या ख्रिस्ती प्रजेवर अवघड वेळ आली. जो धर्म शत्रूचा, तो पाळणारा शत्रूचाच माणूस, असा संशय धरला गेला. त्यात कॉन्स्टंटाइनने पर्शियाचा सम्राट दुसरा शापूर याला पत्र लिहून या लोकांना सांभाळा म्हटले. हेतू चांगला असेल, पण संशयाला त्याने खतपाणीच मिळाले असणार. पुढे युद्धखर्चासाठी शापूरने ख्रिस्ती लोकांवर दुप्पट कर लादला. राजधानीचे बिशप शिमोन बार सब्बाए यांनी तो वसूल करायला नकार दिला आणि त्यांना ठार करण्यात आले. इ. स. ३४०च्या सुमारास सुरू झालेला हा छळ शापूरच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ३७९ पर्यंत, कमीअधिक चालूच राहिला.

यझदगर्द ३९९ मध्ये गादीवर आला. त्याला रोमशी शांतता हवी होती. रोमकडून राजदूत म्हणून येणारे मैफर्कतचे बिशप मारुथा वैद्यकीही जाणत. त्यांनी राजाची जुनी डोकेदुखी बरी केली, अशी कथा सांगतात. त्यांच्याच मध्यस्थीने सभा भरली. पर्शियातल्या चर्चने निकिया इथे ३२५ मध्ये रोमन साम्राज्यातल्या बिशपांच्या परिषदेने केलेले नियम स्वीकारले, एका शहरात एकच बिशप ठरला, सण एकाच दिवशी पाळायचे ठरले आणि राजधानीचे बिशप इसहाक सर्वांचे प्रमुख झाले. लपूनछपून तगलेल्या लोकांना राजमान्यता मिळाली. याच राजाला जरथुष्ट्री परंपरा ‘पापी’ म्हणते.

ही शांतता फार टिकली नाही. यझदगर्दच्या अखेरच्या दिवसांत ख्रिस्ती लोकांकडून एक जरथुष्ट्री अग्निमंदिर पाडले गेले आणि छळ पुन्हा सुरू झाला. ४२४ मध्ये या चर्चने पश्चिमेकडच्या, म्हणजे रोमन साम्राज्यातल्या, बिशपांकडे दाद मागायची नाही असे ठरवून टाकले.

आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो तो याच चर्चचा धागा. सहाव्या शतकात हिंदी महासागराची माहिती लिहून ठेवणाऱ्या कॉस्मसने नोंदवले आहे की ‘कल्लियाना’ इथे एक बिशप असून त्याची नेमणूक पर्शियातून होते. हे गाव म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात.