चाळकेवाडीचा सरडा : पार्श्वभूमी

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीचा सडा लागतो. जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर बोटभर माती. पावसाळ्यात इथे धुकं आणि फुलं असतात म्हणून गर्दी होते. पण या सड्याचा खरा गडी पाऊस पडण्याआधी भेटतो, तापलेल्या दगडावर चढून बसलेला. अंग मातकट, दगडात मिसळून जाणारं. मादी दिसली किंवा दुसरा नर हद्दीत शिरला, की गळ्याखालची घडी पंख्यासारखी उघडते. निळा, काळा, नारिंगी. आणि लगेच मिटते.

ते मिटणंही जगण्याचाच भाग आहे. मादीला दिसणारा रंग वर घिरट्या घालणाऱ्या तिसा, कापशी या शिकारी पक्ष्यांनाही दिसतो. म्हणून रंग पाठीवर न राहता गळ्याखाली, घडीत राहिला. मादीला तर असा भडक पंखा नाहीच.

एवढा देखणा प्राणी, पण त्याला स्वतःचं नाव मिळायला फार उशीर झाला. १८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युविए यांनी पाँडिचेरीच्या नावावरून एका भारतीय सरड्याचं वर्णन केलं, आणि पुढे जवळजवळ दोन शतकं पंख्यासारखा गळा असलेले देशभरातले बहुतेक सरडे त्याच एका नावाखाली मोडत राहिले. ब्रिटिश निसर्गअभ्यासक जर्डन यांनी १८७० मध्ये दख्खनचा सरडा वेगळा काढला होता, पण तो फारसा कुणी मनावर घेतला नाही. अखेर २०१६ मध्ये शरीररचना आणि जनुकं तपासून भारतीय संशोधकांनी नवी प्रजातच (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली. तिचं शास्त्रीय नाव थेट मराठीतून आलं : ‘सरडा’. चाळकेवाडीचा तो ‘सरडा सुपर्बा’. मला या नावाचा मनापासून अभिमान वाटतो.

तोवर सडा बदलला होता. झाडं नाहीत म्हणजे जमीन पडीक, हा आपला जुना समज. वारा मात्र भरपूर. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून साताऱ्याच्या या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या.

त्याचा परिणाम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. चक्क्यांच्या भागात ते घटले आणि सरडे वाढले. तिथल्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी आढळलं. माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. ज्या भीतीने त्यांना चपळ ठेवलं होतं, ती सैलावली होती.

आता सगळ्यात विलक्षण गोष्ट. शत्रू कमी झाला, तर रंग अधिक भडक व्हायला हवा होता. झालं उलट : चक्क्यांखालच्या नरांचा गळा फिका निघाला. संशोधकांच्या मते कारण असं : सरडे वाढले आणि अन्नासाठीची चुरसही वाढली. एकाच ताटावर जास्त तोंडं आली, अंगं रोडावली, आणि रंगालाही अन्न लागतंच. शिकारी पक्ष्यांच्या धाकातून सुटलेला सरडा शेजाऱ्याच्या भुकेत सापडला.

अवघ्या दोन दशकांतला हा बदल पिढ्यांतून मुरलेल्या अनुकूलनापेक्षा वेगळा धरायला हवा. गळ्याखालची घडी लाखो वर्षांची आहे. फिका रंग हा पवनचक्क्यांच्या काळातला.