दुष्काळातला कालवा ते वाशी-खारघर: बाप्टिस्ट सेवेची पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या बाप्टिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी, म्हणजे चर्चनी, केलेल्या समाजसेवेचा गौरव व्हायलाच हवा. पण १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि त्यानंतर हे शहर वसले. त्यामुळे या सेवेची मुळे शोधायला थेट बंगाल आणि आंध्रपर्यंत जावे लागते. मराठी मुलखात मिशनचे बरेचसे काम अमेरिकन मराठी मिशन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी केले. बाप्टिस्टांचा जोर होता तो पूर्वेकडे.

तरीही मराठीवर त्यांचे ऋण मोठे आहे. इंग्लंडात जोडे शिवणारे विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, म्हणून १८०० मध्ये त्यांनी डेन्मार्कच्या ताब्यातल्या, बंगालमधल्याच श्रीरामपुरात मुक्काम हलवला. पंडित वैजनाथांच्या मदतीने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी शब्द मोडीत छापलेला कोश सिद्ध केला. आपल्या शाळांत कॅरींचे नाव क्वचितच घेतले जाते, याची खंत वाटते.

१८२९ च्या डिसेंबरात सतीबंदीचा कायदा बंगालीत आणायचे काम त्यांच्याकडे आले, तेही रविवारी. त्यांनी त्या दिवसाचे प्रवचन दुसऱ्यावर सोपवले आणि भाषांतराला बसले. उशीर झाला तर आणखी बायका जळतील, एवढा एकच विचार त्यामागे होता.

यापुढचा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात माणसे भुकेने मरत होती. आंध्रातल्या ओंगोलचे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाव यांनी बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचे कंत्राट स्वतः घेतले आणि दुष्काळग्रस्तांच्या हाताला काम दिले. त्यांच्या मंडळीत मुख्यतः मादिगा, म्हणजे चामड्याचे काम करणारे, गावकुसाबाहेरचे लोक होते. मजुरी मिळाली म्हणून चूल पेटली. पण मदतीचे काम चालू असेपर्यंत क्लाव यांनी बाप्तिस्मे (ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा पाण्यातला विधी) देणे बंद ठेवले. लोक रांगेने विनंती करत होते, तरी नाही. धान्यासाठी कुणी श्रद्धा बदलू नये, हा त्यांचा आग्रह होता. मदत थांबल्यावरच, १८७८ मध्ये, बाप्तिस्मे पुन्हा सुरू झाले आणि ३ जुलै या एका दिवसात २,२२२ जणांनी नदीत बाप्तिस्मा घेतला. आकडा सगळेच सांगतात. त्याआधीचा तो संयम सांगितला जात नाही. सेवेला अट नसावी, हे त्यांनी कृतीतून दाखवले.

पुढे पोटापाण्यासाठी तेलुगू, मिझो, नागा माणसे मुंबईकडे आली आणि आपापली उपासना बरोबर घेऊन आली. मिझोरामच्या दक्षिण भागात लुंगलेई परिसरात बाप्टिस्ट मंडळी १९०३ पासून रुजलेली आहे. मिझोरामच्याच ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांमधले कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक नोंदले गेले आहे, आणि टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आपल्या खारघरमध्ये आहे. हजारो किलोमीटरवरून उपचारांसाठी आलेल्या, मराठी-हिंदी न येणाऱ्या कुटुंबाला आपल्या भाषेत प्रार्थना करणारी मंडळी इथे भेटणे, यातला आधार शब्दांत सांगणे कठीण.

बाप्टिस्ट परंपरेत सहसा प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते. वर बिशप नाही, आज्ञा देणारे मुख्यालय नाही; पाळकाची (पास्टरची) निवडही मंडळीच करते. त्यामुळे सेवेचा निर्णय आणि खर्चही स्थानिकच, बहुतेकदा रविवारच्या दानार्पणातून. नोंदीही त्या-त्या मंडळीच्या कपाटात राहतात. गौरव करायचा तर आधी त्या जुन्या वह्या उघडाव्यात आणि सुरुवातीच्या काळातली ज्येष्ठ माणसे हयात आहेत तोवर त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात.