गौताळा औट्रमघाट अभयारण्यातील भटकंती

गौताळा औट्रमघाट अभयारण्य सातमाळा-अजिंठा डोंगररांगेत आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा कन्नड तालुका आणि जळगाव जिल्ह्याचा चाळीसगाव तालुका यांच्या सीमेवर ते पसरले असून त्याचे क्षेत्र सुमारे २६१ चौ. किमी आहे. १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. नांदेडकडचा पैनगंगेचा भाग सोडला तर मराठवाड्यात दिवसभर डोंगर तुडवत रानजनावरांचा माग काढता येईल असे सलग रान एवढेच. जिप्सीत बसून फेरी मारण्याचे हे जंगल नव्हे. इथे चालावे लागते आणि जनावर दिसण्यापेक्षा त्याच्या खुणा दिसण्याची तयारी ठेवावी लागते.

डोंगराची ठेवण

दख्खनच्या पठाराची उत्तरेकडची कड इथे तुटते. कन्नडचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आणि खालचे चाळीसगाव साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे दोहोंत सुमारे अडीच-तीनशे मीटरचा फरक आहे, आणि तो थोड्याच अंतरात, काळ्या बसाल्टच्या उभ्या कड्यांनी भरून निघतो. पठारावरचे ओढे या कड्यावरून खानदेशात उडी घेतात, म्हणून पावसाळ्यात धबधबे.

या ठेवणीमुळे भटकंतीचा हिशेब उलटा होतो, आणि मराठवाड्याकडून येणाऱ्या बहुतेकांची फसगत इथेच होते. गाडी पठारावर, म्हणजे डोंगराच्या माथ्यावर लागते. सकाळी ताज्या पायांनी दरीत उतरायचे आणि दुपारच्या उन्हात, पाणी संपत आलेले असताना, चढून यायचे. उतरताना अर्धा-पाऊण तास लागला की माणूस परतीलाही तेवढाच वेळ धरतो. तीनशे मीटरच्या चढाला सवयीच्या माणसाला तास लागतो, बिनसवयीच्याला दीड ते दोन. जवळचे निम्मे पाणी संपले की, कुठेही असा, मागे फिरायचे, असा नियम आधीच ठरवून घ्यावा. चाळीसगावकडून, डोंगराच्या खालच्या अंगाला असलेल्या पाटणादेवीच्या देवस्थानामार्गे येणाऱ्यांना ही अडचण नाही. त्यांचा चढ सकाळी होतो आणि उतार संध्याकाळी. मात्र खालची दरी बंदिस्त असल्याने फेब्रुवारीनंतर तिथे वारा लागत नाही आणि उकडून निघते.

कसे जावे

छत्रपती संभाजीनगर ते कन्नड हे अंतर सुमारे ६० किमी आहे. सोलापूर-धुळे महामार्गावर वेरूळ ओलांडून पुढे गेले की कन्नड लागते. हाच रस्ता पुढे औट्रम घाटाने चाळीसगावात उतरतो. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव घाटाला आहे. लोक मात्र कन्नड घाटच म्हणतात. चाळीसगाव हे मध्य रेल्वेच्या मुंबई-भुसावळ मार्गावरचे स्थानक असून तिथून पाटणादेवी १८ किमीवर आहे. कन्नडपर्यंत एसटी सहज मिळते. अभयारण्यात मात्र स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन लागतेच, कारण गौताळा तलाव, पितळखोऱ्याची लेणी आणि अंतूर किल्ला ही ठिकाणे तीन दिशांना विखुरली आहेत. तिन्ही एकाच दिवसात करू म्हणणारे तिन्ही गाडीतूनच बघून येतात.

घाट पावसाळ्यात बेभरवशाचा. ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत इथे दरड कोसळून वाहतूक ठप्प झाली होती आणि त्याच पावसाने चाळीसगावात पूर आणला. जोराचा पाऊस झाल्यावर निघण्यापूर्वी घाट चालू आहे का, हे कन्नडमध्येच विचारून घ्यावे.

वाटा आणि ठिकाणे

कन्नडकडून हिवरखेड्याच्या वन तपासणी नाक्यावर नोंद करून आत शिरता येते. गौताळा तलाव, गौतम ऋषींचे स्थान, चंदन नाला आणि सीताखोरीचा धबधबा ही या बाजूची ठिकाणे. चालण्याच्या दृष्टीने यांतला चंदन नाला सर्वांत चांगला: सावली आहे, चढ बेताचा आहे आणि पाखरे भरपूर. सीताखोरीला श्रावणात गर्दी उसळते. कड्याच्या टोकावरचा खडक शेवाळलेला असतो आणि वर पातळ पाणी वाहत असते. पाणी घोट्याएवढे असले तरी अशा खडकावर बूट धरत नाही. पाय घसरण्याचे प्रकार फोटोसाठी मागे सरकताना होतात. दृश्य दहा पावले आतूनही तेच दिसते.

पितळखोऱ्यासाठी निम्मा दिवस राखून ठेवावा. चांदोरा डोंगरातल्या या १४ लेण्यांची सुरुवात इसवी सनापूर्वीची असून ती देशातल्या जुन्यात जुन्या बौद्ध लेण्यांपैकी आहेत. पठारावरून पायऱ्यांनी दरीत उतरावे लागते. लेणी ओढ्याच्या दोन्ही अंगांना आहेत. इथला खडक ठिसूळ, पाणी झिरपणारा. त्यामुळे दर्शनी भाग बराचसा कोसळला आहे. पण चौथ्या लेण्याच्या जोत्यावरची हत्तींची रांग आणि चैत्यगृहातल्या खांबांवरचे रंगांचे अवशेष शिल्लक आहेत. इथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या तळहाताच्या पाठीवर कन्हदास या सोनाराचे नाव कोरलेले आहे. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पावसाळ्यात लेण्यांच्या शेजारीच धबधबा कोसळतो. तेव्हा ओढा वाढत असेल तर पलीकडच्या लेण्यांकडे जाऊ नये: डोक्यावर ऊन असले तरी वरच्या शिवारात पाऊस पडून गेलेला असतो आणि लोंढा मागून येतो. पाणी गढूळ होणे आणि त्यात पाचोळा वाहत येणे ही त्याची पहिली खूण.

खालच्या अंगाला पाटणादेवी. चंडिकादेवीचे दगडी मंदिर यादवकाळातले. गणिती भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असा १२०७ चा शिलालेख पाटण इथे आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. मंदिरापासून धवलतीर्थाचा धबधबा, केदारकुंड, कण्हेरगड आणि त्याच्या पोटातली नागार्जुन व सीतेची न्हाणी ही लेणी पायी करता येतात. नवरात्रात यात्रा भरते. त्या दिवसांत रानात शांतता नसते, जनावरे बघायला जाणाऱ्याने तो काळ टाळावा.

अंतूर किल्ला पूर्वेकडे, नागापूरच्या बाजूला. सुमारे २७०० फूट उंचीच्या या किल्ल्याला पठारापासून तोडण्यासाठी खडकात खोल खंदक कोरला आहे. एकामागोमाग तीन दरवाजे, फारसी शिलालेख, वर मोठा तलाव. किल्ल्याजवळपर्यंत कच्ची वाट जाते. काळ्या मातीची ही वाट पावसाळ्यात गाडीचे चाक धरून बसते, म्हणून गाडी अलीकडेच डांबरावर सोडून पुढचे अंतर चालणे शहाणपणाचे.

वने आणि वन्यजीव

जंगल दक्षिणी शुष्क पानगळीचे. अंजन, सालई, धावडा, खैर, पळस, मोह, बेल, टेंभुर्णी, आपटा ही झाडे, उतारांवर सीताफळीची दाट झुडपे आणि मोकळ्या माळावर कुसळी गवत. ऑक्टोबरनंतर कुसळ वाळले की त्याची टोके मोज्यात शिरून पाय रक्ताळतात. लोकरी मोजे अशा वेळी निरुपयोगी. जाड सुती कापडाची लांब विजार मोज्यात न खोचता बुटावर सोडली तर त्रास कमी होतो.

बिबट्या, अस्वल, तरस, कोल्हा, रानडुक्कर, नीलगाय, भेकर, रानमांजर, उदमांजर, वानर आणि मोर ही इथली नेहमीची मंडळी. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ इथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला आणि कित्येक दशकांनी गौताळ्यात वाघ दिसला. त्या बातमीवर वाघ बघायला येणाऱ्यांनी मात्र परतीच्या तिकिटाचे पैसे वाया गेले असे समजावे.

खुणा वाचता आल्या तर रान बोलके होते. अस्वलाने खणलेले वारूळ एका बाजूने फोडलेले असते; भोक तोंड बसेल एवढे आणि खोल, आजूबाजूला लांब नखांचे समांतर ओरखडे. त्याच्या विष्ठेत हंगामाप्रमाणे बोराच्या आठळ्या, बहाव्याच्या बिया किंवा वाळव्यांची कवचे सापडतात. तरसाची विष्ठा हाडांमुळे वाळल्यावर चुन्यासारखी पांढरी पडते. बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत, तरस-कुत्र्यांच्या उमटतात. ओढ्याकाठच्या बारीक वाळूत सकाळी आठच्या आत, ऊन तिरपे असताना ते नीट दिसतात. वानर झाडावर बसून खाकरल्यासारखा आवाज पुन्हा पुन्हा काढू लागले आणि सगळे एकाच दिशेला बघत असले, तर खाली बिबट्या असण्याची शक्यता मोठी. एकट्या मोराच्या ओरडण्यावर मात्र विसंबू नये. मोर कशालाही ओरडतो.

बिबट्यापेक्षा अस्वलाची भीती खरी. बिबट्या माणसाला टाळतो. अस्वलाची नजर अधू, खाण्यात ते गुंतलेले असते, आणि माणूस अगदी जवळ येईतो त्याला कळत नाही. मग दचकून ते थेट अंगावर येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात तेव्हा पहाटे आणि तिन्हीसांजेला मोहाखाली जाऊ नये. दाट सीताफळीतून जाताना बोलत किंवा काठी आपटत चालावे. गप्पा मारत गेलो तर जनावर दिसणार नाही ही तक्रार बरोबर आहे, पण दाटीत तेच हवे असते. शांत बसायचे ते पाणवठ्यापासून दूर, मोकळ्या जागी, पाठ खडकाला लावून.

कड्यांवर आग्या मोहोळे असतात, पितळखोऱ्याच्या कपारीतही. अत्तर, विडीचा धूर, मुलांनी मारलेला एक दगड एवढे पुरते. माश्या उठल्या तर डोके-तोंड ओढणीने झाकून, हात न हलवता, आल्या वाटेने लांब निघून जावे. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. खडकाळ उतारावर घोणस आणि फुरसे दोन्ही भेटतात. चढताना दिसत नसलेल्या कपारीत हात घालू नये. चावल्यास आवळपट्टी बांधणे, चिरा देणे हे काही न करता, तो अवयव न हलवता कन्नड किंवा चाळीसगावचे सरकारी रुग्णालय गाठावे.

हंगाम, सामान, नियम

जुलै ते सप्टेंबर धबधब्यांसाठी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालण्यासाठी आणि पाखरांसाठी, एप्रिल-मे जनावरांसाठी. उन्हाळ्यात पाने गळून रान उघडे पडते आणि जनावरे उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. वन विभाग बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणांवरून पाणवठ्यांची पाहणी करतो आणि त्यात अर्ज केलेल्या लोकांनाही घेतले जाते. हिवाळ्यात माणशी तीन लिटर, मार्चनंतर पाच लिटर पाणी सोबत असावे. जानेवारीअखेर ओढे आटतात आणि नकाशावर निळी रेघ असली तरी पात्रात दगडच असतात. शिदोरीला धपाटे किंवा भाकरी आणि ठेचा. दही-भात आणि ताक दुपारपर्यंत आंबते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश, शिकार, आग लावणे आणि वनस्पती तोडणे गुन्हा आहे. नाक्यावर नोंद, सूर्यास्ताआधी बाहेर, रात्रीचा मुक्काम केवळ परवानगी असलेल्या जागी. उन्हाळ्यात चूल पेटवण्यास पूर्ण मनाई असते, कारण वाळल्या कुसळीत एक ठिणगी संध्याकाळपर्यंत अख्खा उतार खाते. वणवा दिसल्यास किंवा जखमी जनावर आढळल्यास वन विभागाचा १९२६, माणसासाठी रुग्णवाहिका १०८. दरीत मोबाईलला रेंज नसते. फोन लावायला वरच्या सपाटीवर यावे लागते, तेव्हा निघतानाच गावात कोणाला तरी परतण्याची वेळ सांगून ठेवावी.