घरबागेतील घरटी (बडोदे)

घराच्या अंगणात, परसात, गच्चीवर किंवा सज्जात वन्य पक्ष्यांनी कुंडी, तार, मीटरपेटी, भिंतीतील भोक अशा मानवनिर्मित आधारांवर केलेली घरटी. बडोद्यात रावपुरा व दांडिया बाजार येथील जुन्या वाड्यांपासून अलकापुरीतील बंगल्यांपर्यंत ती आढळतात. चिमणी, होला, लालबुड्या बुलबुल, जांभळा सूर्यपक्षी, शिंपी, दयाळ, चिरक व टिटवी हे त्यांतील प्रमुख पक्षी होत. पारवा येथे विचारात घेतलेला नाही, कारण शहरी पारव्यांत पाळीव कबुतरांचा संकर बराच झालेला आहे.

या सवयीच्या कारणाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार जुनी झाडे व त्यांतील ढोल्या नाहीशा झाल्याने पक्षी नाइलाजाने घराकडे वळतात. दुसऱ्या मतानुसार माणसाच्या वावरामुळे शिकरा, भारद्वाज, सरडा यांसारखे अंडी-पिले पळविणारे प्राणी काहीसे दूर राहतात व पक्षी त्याचा लाभ घेतात. दयाळ व चिमणी हे पोकळीत घरटे करणारे असल्याने त्यांना पहिले मत बऱ्याच अंशी लागू पडते. परंतु झाडाझुडपांची वाण नसलेल्या आवारातही बुलबुल खिडकीच्या गजांत घरटे करतो, हे त्याने उलगडत नाही. शिवाय मांजर आणि कावळा यांना माणसाचे भय नसते, त्यामुळे दुसरे मतही मर्यादेनेच स्वीकारावे लागते. जागा आपल्याला अनपेक्षित वाटली, तरी तिची रचना त्या जातीच्या नैसर्गिक जागेशी बहुधा जुळते : फांदीच्या बेचक्याऐवजी दिव्याचा कंस, ढोलीऐवजी पाइपाचे तोंड, लोंबत्या डहाळीऐवजी विजेची तार.

शिंप्याच्या घरट्याविषयी जुन्या वर्णनांत एक वाद आढळतो. हा पक्षी रुंद पानाच्या किंवा जवळजवळच्या दोन-तीन पानांच्या कडांना चोचीने बारीक छिद्रे पाडून त्यांतून कापूस, कोळ्याचे जाळे किंवा कोशाचे तंतू ओवतो, याविषयी दुमत नाही. काही लेखकांनी मात्र तो धाग्याला गाठही मारतो, असे लिहिले. प्रत्यक्षात छिद्रातून बाहेर आलेले टोक पिंजून फुगते व त्यामुळे धागा मागे सरकत नाही; प्रत्येक टाका स्वतंत्र असतो आणि त्याचे काम रिव्हेटासारखे चालते. गाठीचे मत आता मागे पडले आहे. छिद्रे लहान असल्याने आणि पान देठाला तसेच राहिल्याने ते हिरवे राहते, म्हणून रोज पाणी घातल्या जाणाऱ्या कुंडीतील घरटेही कित्येकदा पिलांचा आवाज आल्यावरच ध्यानात येते.

सूर्यपक्ष्याचे घरटे लोंबते असून त्याच्या बाजूच्या दारावर लहानशी पागोळी असते. बांधणी व अंडी उबविणे ही दोन्ही कामे मादी करते. होल्याचे घरटे म्हणजे चार काटक्या व त्यांवर दोन अंडी, एवढेच. चिरक आपल्या घरट्यात सापाच्या कातेचे तुकडे घालतो. त्याने शत्रू दूर राहतात असा तर्क आहे.

टिटवीचे उदाहरण वेगळे आहे. ती उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये साधारणतः चार अंडी घालते व अलीकडे सपाट गच्चीही निवडते. गुजरातेत टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस भरपूर होतो, अशी समजूत आहे. मात्र तिला निरीक्षणांचा आधार नाही. कडक उन्हात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते व अंडी थंड राखते. गच्चीवर खरी अडचण पुढे येते. टिटवीची पिले जन्मानंतर लवकरच चालू लागतात व आपले भक्ष्य स्वतः टिपतात. आईबाप त्यांना भरवीत नाहीत, त्यामुळे कठडा असलेल्या, किड्यांचा तुटवडा असलेल्या गच्चीवर त्यांचा निभाव लागणे कठीण असते.

माणसाचा हात लागताच पक्षी घरटे कायमचे सोडतात, हा समज सामान्यतः निराधार आहे. तथापि बांधणीच्या व उबविण्याच्या आरंभीच्या काळात वारंवार व्यत्यय आल्यास घरटे सोडून दिले जाऊ शकते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणे व घरट्यांना उपद्रव देणे यांचाही समावेश होतो, आणि घरमालकाच्या स्वतःच्या आवाराला त्यातून सूट नाही.