महिला मताधिकाराचे स्थानिक स्मरण (विदर्भ)

विदर्भातील गावे आणि तालुक्याची लहान शहरे यांत बायकांना मताचा हक्क कसा मिळाला आणि त्यांनी तो कसा वापरला, याची आठवण जपण्याची रीत. स्वातंत्र्यलढ्याचे स्मरण या भागात जुने आणि ठसठशीत आहे. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावातील हुतात्म्यांना चिमूर आणि आष्टी येथे दरवर्षी मानवंदना दिली जाते. आष्टीने तर 'शहीद' हा शब्द गावाच्या नावातच घेतला. बायकांच्या मताचा इतिहास मात्र मतदारयाद्या, ठरावांच्या वह्या आणि म्हाताऱ्या बायांच्या बोलण्यात विखुरलेला आहे.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने स्त्रियांना मत द्यायचे की नाही, हा प्रश्न प्रांतिक कौन्सिलांवर सोपवला. मद्रास आणि मुंबईने १९२१ मध्येच होकार दिला. मध्य प्रांतात त्यासाठी १९२७ उजाडले. त्यातही वऱ्हाडची गोष्ट निराळी. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख, कारभार इंग्रजांचा. म्हणून तिथून निवडून आलेले सदस्यही नागपूरच्या कौन्सिलात नियमाप्रमाणे 'नेमले' जात. १९३५ च्या कायद्याने मतदार बायकांची संख्या वाढली, पण मत मालमत्ता, सारा, शिक्षण किंवा नवऱ्याची पात्रता यांवरच अवलंबून राहिले. कापूस वेचणारी मजूर बाई त्या यादीत जवळपास नव्हतीच. ११२ जागांच्या प्रांतिक विधानसभेत ३ जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. १९३७ मध्ये निवडून आलेल्या नागपूरच्या अनसूयाबाई काळे या सभागृहाच्या उपाध्यक्ष झाल्या. पुढे चिमूर-आष्टी खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. या दोन आठवणी एकाच बाईच्या आयुष्यात जुळलेल्या आहेत, तरी गावोगावच्या भाषणांत त्यांतली एकच सांगितली जाते.

यादीबाहेर राहिलेल्यांचा आवाज जुलै १९४२ मध्ये नागपुरात उमटला. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. हजारो बाया जमल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्याशी बोलले. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी यांबरोबरच कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांना प्रतिनिधित्व मिळावे, अशी मागणी तिथे झाली. या परिषदेशिवाय सांगितलेला विदर्भातील मताधिकाराचा इतिहास अर्धाच राहतो.

सरसकट मत मिळाले ते राज्यघटनेने. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना देशात, मुख्यतः उत्तरेकडे, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली, कारण 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले गेले होते. नवऱ्याचे नाव उखाण्यातच घ्यायचे आणि बाईला लेकराच्या नावाने 'माय' म्हणून हाक मारायची, अशी चाल असलेल्या वऱ्हाडात ही अडचण कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आणखी एक गोष्ट अभ्यासकाने ध्यानात ठेवावी : विदर्भातल्या बाईने पहिले मत मध्य प्रदेशात दिले, १९५७ चे मुंबई राज्यात आणि १९६२ चे महाराष्ट्रात, तेही घरचा उंबरठा न बदलता. जुने कागद शोधताना हे तिन्ही कारभार आठवावे लागतात.

मत देणे आणि निवडून येणे यांत मोठे अंतर होते. राखीव जागांचा कायदा येण्यापूर्वीच, १९८९ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा येथे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या प्रेरणेने ग्रामपंचायतीत सगळ्या बायाच निवडून आल्या. त्यानंतर १९९० मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा राखल्या, ७३ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश, आणि २०११ मध्ये महाराष्ट्रात ५० टक्के.

दारूबंदीचे मतदान हा या इतिहासाचा सर्वांत जिवंत भाग मानायला हवा. गावातील महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी मागणी केली की दुकानाच्या प्रश्नावर गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे : उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेली आजीही शिक्का नेमका मारते. अट मात्र कडक आहे. झालेल्या मतांच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. लग्न होऊन सासरी गेलेली लेक, वारलेली म्हातारी, वेचणीला परगावी गेलेली मजूर, यांची नावे यादीत राहिली की ती दुकानाच्या पारड्यात जातात. म्हणून अशा गावांत बाया आधी यादी हाती घेऊन घरोघर फिरतात आणि एकेक नाव तपासतात.

स्मरणाचे ठरलेले दिवस ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, २५ जानेवारीचा मतदार दिन आणि ८ मार्चचा महिला दिन. हार, भाषण, रांगोळी स्पर्धा असा त्यांचा सर्वसाधारण साचा आहे. त्यात गावापुरती भर घालणे अवघड नाही. ग्रामसभेत आजवरच्या महिला पंच-सरपंचांची नावे वाचून दाखवता येतात, सर्वांत वयस्क मतदार बाईला बोलते करता येते, आडव्या बाटलीच्या मतदानाचा निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर तारखेसह कायमचा लिहिता येतो. हे काम शाळा आणि बचतगट मिळून करू शकतात. म्हाताऱ्यांचे बोलणे नोंदवून घेण्याची मात्र घाई हवी, कारण पहिल्या निवडणुकीत मत दिलेल्या बाया आज नव्वदीच्या पुढे आहेत.